पिचर चांगला आहे, पण भाव काय लागला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचकाने लिहिलं आहे. वय ३९, मूळचे नाशिक जिल्ह्यातले, घरची कांद्याची शेती, नोकरी आयटीत. घरी पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी. क्रिकेट बघत वाढलेल्या या गृहस्थांना इथे आल्यावर बेसबॉलची गोडी लागली आणि मागच्या हंगामापासून ते मोबाइलवरच्या अधिकृत ॲपवर पैजा लावतात. त्यासाठी त्यांनी एक शीट केली आहे. सामना सुरू करणाऱ्या पिचरचा (म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाचा) ईआरए (नऊ इनिंगमागे त्याने दिलेले रन, कमी तितके चांगले) ३ च्या खाली, मागच्या पाच सामन्यांत किमान तीन विजय त्याच्या नावावर आणि समोरच्या पिचरचा ईआरए साडेचारच्या वर, या तीन अटी जुळल्या की पैज. मागच्या वर्षी ५० पैकी ३४ पैजा जिंकल्या, हजार डॉलर सुटले. यंदा १४० पैकी ८२ जिंकल्या, तरी खात्यातून ११,४०० डॉलर गेले. हे पैसे घराच्या डाउन पेमेंटसाठी दोघांनी मिळून साठवलेले. पत्नीला माहीत नाही. ते विचारतात : ईआरएऐवजी एफआयपी हे पिचरचं दुसरं मोजमाप वापरू का? ऑनलाइन भेटलेला एक जण ४०० डॉलरला हंगामभराची सिस्टम विकतोय, घेऊ का? नाशिकचा चुलतभाऊ ५० हजार रुपये पाठवतो म्हणतोय, त्याचेही लावू का? आणि शेवटी : ‘ताई, सप्टेंबरअखेर भरून काढतो आणि मग बायकोला सगळं सांगतो. यात काही चुकतंय का?’

नमस्कार.

तुम्ही पाठवलेली शीट मी दोन संध्याकाळी बसून वाचली. काम मनापासून केलेलं आहे. तारीख, दोन्ही पिचर, भाव, निकाल, हरलेली एकही पैज गाळलेली नाही. मी बरीच वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि बेसबॉल मलाही आवडतो, म्हणून पिचरच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पण शीट मिटवल्यावर माझ्या हातात एक आकडा उरला, तो तुमच्या शीटमध्ये कुठेच नाही. त्यावर नंतर बोलायचंय, तेवढं वाचल्याशिवाय पान बंद करू नका.

‘पाचपैकी तीन विजय’ ही अट आजच काढून टाका. पिचरच्या नावावर विजय लागायचा तर त्याच्या संघाने रन काढावे लागतात, आणि ते त्याच्या हातात नसतं. न्यू यॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमचं २०१८ चं वर्ष बघा. ईआरए १.७०, २१७ इनिंगमध्ये २६९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, आणि नावावर १० विजय, ९ पराभव. त्याने सुरू केलेल्या ३२ सामन्यांपैकी मेट्सने १४ जिंकले आणि १८ हरले. डीग्रॉम उभा असताना मेट्सवर काही उदार भाव मिळत नसे. म्हणजे त्या वर्षी जो माणूस दर पाचव्या दिवशी त्याच्यावर पैसे लावत राहिला, त्याने पिचर अगदी बरोबर ओळखला आणि तरी तो पैसे घालवून बसला. नोलन रायनचंही तसंच. १९८७ मध्ये नॅशनल लीगमधला सर्वांत कमी ईआरए त्याचा, २.७६, आणि नावावर ८ विजय, १६ पराभव.

आता ईआरए. नऊ इनिंगमागे पिचरने दिलेले ‘अर्न्ड’ रन. पण रन अर्न्ड की नाही हे मैदानावरचा अधिकृत स्कोअरर ठरवतो, क्षेत्ररक्षकाची चूक धरायची की नाही त्यावरून. शिवाय थोड्या इनिंगवर हा आकडा फार हेलकावे खातो. पाच सामन्यांत ३० इनिंग आणि ९ रन असतील तर ईआरए २.७०. त्यातच वाऱ्यावर बसलेला एक तीन रनांचा होमरन धरा, ईआरए ३.६० झाला. पिचर तोच, हात तोच, पण तुमच्या शीटमध्ये तो आत होता तो बाहेर गेला.

एफआयपी यापेक्षा नक्की बरा. बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूचं पुढे काय होतं यावर पिचरचा ताबा आपल्याला वाटतो त्यापेक्षा कितीतरी कमी असतो, हे व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने २००१ मध्ये मांडलं, आणि पिचरकडे बघण्याची रीतच त्याने बदलली. एफआयपी फक्त होमरन, वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला बेस), बॅटरला लागलेले चेंडू आणि स्ट्राइकआउट मोजतो : होमरनला १३ ने गुणा, वॉक आणि लागलेल्या चेंडूंना ३ ने, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करा, इनिंगने भागा, मग आकडा ईआरएच्या पट्टीत यावा म्हणून एक स्थिरांक मिळवा. एखाद्याचा ईआरए २.८ आणि एफआयपी ४.२ दिसला, तर त्याच्या मागचे क्षेत्ररक्षक आणि नशीब त्याला सांभाळून घेतायत असं समजायला हरकत नाही. त्यात मैदान बघा, डेन्व्हरच्या विरळ हवेतला आकडा आणि समुद्रकाठचा आकडा एका रांगेत ठेवू नका. फास्टबॉलचा वेग मागच्या महिन्यापेक्षा मैलभर उतरलाय का, तेही बघा. हे सगळं फुकट उपलब्ध आहे.

पण पिचर कितीही नीट मोजलात तरी तो पूर्ण सामना नसतो. हल्ली सामना सुरू करणारा पिचर सरासरी पाच-सव्वापाच इनिंग टाकतो. उरलेल्या पावणेचार इनिंग बुलपेनच्या, म्हणजे नंतर येणाऱ्या राखीव पिचरांच्या, तुमच्या शीटमध्ये ज्यांचं नावही नाही अशा तीन-चार जणांच्या. एकाच पिचरला बॅटर तिसऱ्यांदा सामोरे गेले की ते त्याला जास्त चांगले खेळतात, हे संघांना आता पाठ झालंय, म्हणून ते लवकर बदल करतात. २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना तुम्ही पाहिला असेल. टॅम्पा बेचा ब्लेक स्नेल अफाट टाकत होता. ७३ चेंडू, ९ स्ट्राइकआउट, १-० आघाडी. सहाव्या इनिंगमध्ये त्याला काढलं, आणि डॉजर्सने ३-१ ने सामनाही जिंकला आणि विजेतेपदही. स्नेलला ओळखण्यात कुणाचं काहीच चुकलं नव्हतं. कुणी म्हणेल, मग पहिल्या पाच इनिंगपुरतीच पैज घ्यावी. घेता येते, बुलपेनचा प्रश्न त्यात सुटतो. भावाचा सुटत नाही.

आणि माझ्या मते तुमची खरी गाठ भावापाशीच आहे. तुमचं घर कांद्याचं आहे, म्हणून तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. लासलगावच्या बाजारात एखाद्या ट्रॉलीतला माल एक नंबर आहे हे ओळखणारा व्यापारी काही एकटाच नसतो, लिलावाला उभ्या असलेल्या सगळ्यांना ते दिसत असतं. चांगल्या मालाला चढी बोली लागते. व्यापारी सुटतो किंवा बुडतो तो त्याने किती बोलीला घेतला यावर, आणि माल उत्तम असूनही माणूस बुडतो. पिचरचं तसंच आहे. ईआरए, एफआयपी, वेग, दुखापत, हे भाव काढणाऱ्या कंपनीलाही दिसतं आणि तुमच्यासारख्या हजारोंनाही दिसतं. सामन्याच्या पिचरचं नाव जाहीर होताच ते सगळं भावात मिसळून जातं. तुमची शीट ‘हा पिचर चांगला का?’ एवढंच विचारते. ‘या भावाला घेण्याइतका चांगला का?’ हे ती एकदाही विचारत नाही.

तुमचाच हिशेब मांडते. तुमचा सरासरी भाव उणे १५० आहे, म्हणजे १५० लावले तर १०० सुटणार. अशा भावात नुसतं जागेवर राहायला १०० पैकी ६० पैजा जिंकाव्या लागतात. तुम्ही १४० पैकी ८२ जिंकल्या, म्हणजे शेकडा साधारण ५८.६. कमाई ८,२०० डॉलर, ५८ हरलेल्यांचे गेले ८,७००. निव्वळ तोटा ५००. अर्ध्याहून कितीतरी जास्त पैजा जिंकून तोटा कसा, हे कोडं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय, त्याचं उत्तर एवढंच आहे. कंपनीचा हिस्साही भावातच असतो. एका बाजूला उणे १५० आणि दुसऱ्या बाजूला अधिक १३० (१०० लावले तर १३० सुटणार) लिहिलेलं दिसतं, तेव्हा पहिल्याचा अर्थ ६० टक्के आणि दुसऱ्याचा साडेत्रेचाळीस. बेरीज शंभराच्या वर साडेतीन जाते. तो वरचा भाग कंपनीचा.

मागच्या वर्षीच्या ५० पैकी ३४ वर तुम्ही फार मोठी इमारत उभी केलीत. ज्याला खरोखर ६० टक्केच जमतं, तोही ५० पैजांत ३४ किंवा त्याहून जास्त सहज जिंकू शकतो, अशा सहा-सात जणांत एकाला ते निव्वळ नशिबाने जमेल. यंदाच्या १४० पैजांवरूनही तुमचं खरं प्रमाण ५० आहे की ६७, हे ठामपणे सांगता येत नाही. बेसबॉलमध्ये बलवान आणि दुबळ्याचं अंतर कमी असतं. २००१ मध्ये सिॲटल मरिनर्सने विक्रमी ११६ सामने जिंकले, तरी ४६ हरले. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने १२१ सामने हरून दाखवले, आणि तेही ४१ जिंकले. अशा खेळात पन्नास निकाल म्हणजे काहीच नाही.

कुणालाही आपली सिस्टम खरंच चालते का हे बघायचं असेल, तर एक रुपया न लावता बघता येतं. तुम्हाला मिळाला असता तो भाव लिहा आणि सामना सुरू होतानाचा शेवटचा भावही लिहा. तीनशे सामने कागदावर खेळा. तुम्ही उणे १४० ला घेतलेला संघ शेवटी उणे १५५ ला जातो, असं पुन्हा पुन्हा घडत असेल तरच तुम्हाला बाजाराच्या आधी काही दिसतंय असं म्हणता येईल. हे मी इतर वाचकांसाठी लिहितेय. तुम्ही सध्या कागदावरही खेळू नये असं मला वाटतं, आणि आता त्याच कारणाकडे येते.

शीटप्रमाणे तोटा ५०० डॉलर. खात्यातून गेलेत ११,४००. मधले १०,९०० कुठे गेले?

तुमच्या पत्रातच त्याचे दोन धागे सापडले. एका ठिकाणी तुम्ही लिहिता, ‘हरलो की पुढची पैज दुप्पट करतो, शीटमध्ये मात्र सगळ्या १५० च्याच धरल्यात.’ आणि दुसरीकडे, ‘कधी कधी रात्री झोप येत नाही तेव्हा कॅलिफोर्नियाकडचे सामने चालू असतात.’ ते दहा वाजता सुरू होणारे सामने शीटमध्ये नाहीतच. त्या पैजा पिचर बघून लावल्या नव्हत्या.

दुप्पट करण्याबद्दल एक गणित, कारण ही चाल मला येणाऱ्या पत्रांत सारखी दिसते. बरोबरीच्या भावात, म्हणजे जितके लावले तितकेच सुटतील अशा, १०० पासून सुरुवात केली आणि सलग सहा हरलात, तर ६,३०० गेले आणि सातव्या पैजेला ६,४०० लागणार, तेही शेवटी १०० सुटावेत म्हणून. शेकडा ४० हरणारा माणूस हंगामात पाचशे पैजा लावत असेल तर सलग सहा पराभवांची एखादी माळ लागण्याचीच शक्यता जास्त. आणि तुमच्या उणे १५० च्या भावात तर गोष्ट सहाव्यापर्यंतही जात नाही. १०० गेले, २०० गेले, तिसऱ्यांदा ४०० लावून जिंकलात तरी हातात येतात २६७. तीनशे गेलेले, २६७ आले. जिंकूनही ३३ ची तूट. किती लावावेत याचं एक चांगलं सूत्र जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलं, तुमच्याच न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये काम करताना. भाव तुमच्या अंदाजापेक्षा वरचढ नसेल तेव्हा ते सूत्र उत्तर देतं : शून्य.

म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिला धरते. ‘सप्टेंबरअखेर भरून काढतो आणि मग सांगतो.’ हो, यात चुकतंय. गेलेला पैसा त्याच वाटेने परत आणायचा आणि तोवर घरात गप्प राहायचं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पैजांचा आकार माणूस ठरवत नाही, खड्डा ठरवतो. ११,४०० भरायचे म्हणून तुम्ही मोठ्या पैजा लावाल. आणि समजा भरून आलेच, तर तुम्ही तिला सांगाल? मला वाटतं, नाही सांगणार. तेव्हा सांगण्यासारखं काही उरलंच नाही असं तुम्हाला वाटेल, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ॲप फोनवरच असेल. तुम्ही वाईट माणूस आहात असं मला अजिबात वाटत नाही. हरलेल्या ५८ पैजा प्रामाणिकपणे लिहून ठेवणारा माणूस तुम्ही आहात. तोच प्रामाणिकपणा खात्याच्या स्टेटमेंटपर्यंत पोचला नाही, आणि ते तुम्हाला झोपू देत नाहीये.

या शनिवारी सांगा. मुलगी खेळायला गेली असताना, दोघंच असताना. ॲपचं पूर्ण स्टेटमेंट छापून समोर ठेवा, बँकेचंही. आकडा अर्धा सांगू नका. ‘तीन-चार हजार गेले असतील’ असं सांगून सुरुवात करणाऱ्यांची घरं मी पाहिली आहेत. पैसे गेल्याचा राग दोन महिन्यांत ओसरतो. दुसरा आकडा बाहेर आला की जो विश्वास जातो, तो परत यायला वर्षं लागतात. ‘हे आपल्या दोघांचे पैसे होते आणि मी तुला न विचारता घालवले’, एवढं एक वाक्य स्वच्छ म्हणा. पिचर, भाव, नशीब यातलं काही त्या दिवशी समजावायला जाऊ नका. ती रडली, चिडली, आईला फोन लावला, तरी तो तिचा हक्क आहे. पुढचे काही महिने साठवलेल्या पैशांचं खातं तिच्या हाती द्या, तिने मागण्याआधी.

आणि दार बंद करा. न्यू जर्सीत स्वतःला बेटिंगमधून वगळून घेण्याची सरकारी यादी आहे, एक वर्षासाठी किंवा पाच वर्षांसाठी नाव घालता येतं, आणि मग राज्यातल्या सगळ्या अधिकृत ॲपवर ते लागू होतं. नुसतं ॲप काढून टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण ॲप परत घ्यायला मिनिटही लागत नाही. १-८००-४२६-२५३७ ही मदतवाहिनी आहे, अक्षरांत १-८००-गॅम्बलर. फोन करायला पूर्ण बरबाद झालेलं असावं लागत नाही. झोप न येणं, लपवणं, दुप्पट करणं, भरून काढायला धावणं, यातलं एखादं असलं तरी पुरे. तुमच्याकडे चारही आहेत.

हे वाचणाऱ्या एखाद्या पत्नीला, बहिणीला, आईला आपल्या घरातलं कुणी आठवलं असेल, तर तीच मदतवाहिनी तुमच्यासाठीही आहे. त्याचं कर्ज गुपचूप फेडून टाकू नका. आधी सगळी खाती समोर मांडायला सांगा.

४०० डॉलरची सिस्टम घेऊ नका. त्याला त्याच्या पैजांची यादी मागा : सामना सुरू व्हायच्या आधी नोंदलेली, भावासकट. ती बहुतेक मिळणार नाही. ‘६५ टक्के यश’ या शब्दांना भाव माहीत नसताना काही अर्थ नसतो, हे आता तुमच्याच शीटने दाखवलंय. चुलतभावाचे पैसेही घेऊ नका. दुसऱ्याच्या वतीने पैज लावणं इथल्या नियमांत बसत नाही, आणि भारतात ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे. त्याला हे पत्रच वाचायला द्या.

खाती बंद करण्याआधी दोन्ही वर्षांची स्टेटमेंट उतरवून घ्या, करासाठी लागतील. जिंकलेली रक्कम अमेरिकेत उत्पन्न धरली जाते. हरलेली वजा करता येते ती जिंकलेल्या रकमेपुरतीच, आणि तीही तुम्ही वजावटी एकेक करून दाखवत असाल तरच. २०२६ च्या करवर्षापासून हरलेल्या रकमेचा ९० टक्केच भाग वजा होतो. म्हणजे वर्षात एक लाख जिंकून एक लाख हरलेल्या माणसालाही दहा हजारांवर कर बसू शकतो. तुमच्या नेहमीच्या सीपीएला (कर सल्लागाराला) हे आत्ताच दाखवा, एप्रिलची वाट बघू नका.

बेसबॉल सोडावा लागेल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रभर ती भीती जाणवते. या हंगामात तरी टीव्हीवरचे रात्रीचे सामने बंद ठेवा. पुढच्या वसंतात ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सचा एखादा दुपारचा सामना बघता येईल, यँकीजचा डबल-ए, म्हणजे खालच्या लीगमधला, संघ आहे तो, तुमच्यापासून फार लांब नाही. स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घेऊन मुलीला प्रत्येक चेंडू लिहायला शिकवता येईल, तुमच्याइतकं बारकाईने ते तिला दुसरं कुणी शिकवणार नाही. मात्र जायचं की नाही ते तुमच्या पत्नीला ठरवू द्या. तिला तेव्हाही नको वाटलं तर तिकिटं काढू नका.